उजवीकडून वाचलेली ओळ

माझं माहेर पुण्याचं, सासर हैदराबादचं, काचीगुड्यातलं. लग्न झालं तेव्हा पुण्यातल्या नोकरीतून मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली होती, आणि ती आता संपत आली होती. इथे काम जमलं तर राहायचं, नाहीतर परत जायचं, असं नवऱ्याशी बोलून ठेवलं होतं. घरात बाकी कुणी या विषयावर चकार शब्द काढत नसे. मला त्याचाच राग यायचा.

शेवटी काम मिळालं. दिलसुखनगरला तेव्हा गल्लोगल्ली कोचिंग सेंटरं निघत होती. त्यातल्या एकाने प्रश्नपत्रिका टाइप करायला दिल्या, सोमवारी सकाळी हव्यात असं बजावून. उशीर झाला तर काम दुसरीकडे जाणार होतं. सुटे भाग जोडून केलेला कम्प्युटर शनिवारी घरी आला आणि रविवारी सकाळी मी ऑपरेटिंग सिस्टिम घालायला बसले.

एकामागून एक फ्लॉप्या घातल्या. सगळं सुरळीत. मग मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं, काळ्या पडद्यावर 'वॉर्निंग'ने सुरू होणारी एक लांबलचक इंग्रजी ओळ चमकली आणि पापणी लवते न लवते तोच गायब झाली. पुढे काहीच होईना. पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून सुरुवात. पॉझचं बटण दाबून पाहिलं, तर ओळ गेल्यानंतरचा काळा पडदा तेवढा इमानदारीत थांबला. दुकानदाराला फोन लावला, पण रविवारी दुकान बंद.

पुढच्या खेपेला नवऱ्याला शेजारी बसवलं. त्याने वाचलं, "वॉर्निंग." त्याच्या पुढच्या खेपेला सासूबाई पोळ्या सोडून आल्या. त्यांनीही तेवढंच वाचलं, वर "बरीच मोठी ओळ आहे हं," अशी माहिती पुरवली.

"वॉर्निंग आहे हे कळलंय मला," मी वैतागून म्हटलं. "कसली आहे, ते सांगा ना कुणीतरी."

दारात मामंजी, म्हणजे माझे सासरे, उभे होते. निजामी अमलात उर्दूतून शिकलेले. इंग्रजी पुढे सरकारी नोकरीत पक्कं झालेलं, पण सकाळचा पेपर अजून उर्दूच लागायचा.

"तुम्ही सगळे तिकडून सुरू करता, तेवढ्यात ती भागते," ते म्हणाले. "मी इकडून बघतो. माझी नजर पहिले उजवीकडेच जाते, बेटा. आदत आहे."

मला काही फार आशा नव्हती, पण नाही कसं म्हणणार? पुन्हा सगळ्या फ्लॉप्या घातल्या. ओळ चमकली.

"आखरी लफ्ज प्रोटेक्शन," मामंजी म्हणाले. "त्याच्या बाजूला व्हायरस."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. व्हायरसपासून बचाव करणारी एक सोय मशीनमध्ये आधीपासूनच चालू होती, आणि ती नव्या सिस्टिमलाच चोर समजून दारात अडवत होती. सेटिंगमध्ये जाऊन मी ती बंद केली, परत फ्लॉप्या घातल्या, आणि दुपारच्या चहाच्या वेळेला माझी पहिली प्रश्नपत्रिका निम्मी झाली होती. इतक्या वर्षांत यांची उर्दू पहिल्यांदा घरच्या कामी आली, असं सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकवत होत्या.

मामंजी चहा घेऊन माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, "तुम्हाला ते दिसलं नसतं तर माझं काही खरं नव्हतं."

"दिसलं नसतं तर काहीतरी बनवून सांगितलं असतं," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "तू परत फ्लॉप्या घातल्या असत्या, मी परत दुसरं काहीतरी सांगितलं असतं. तेवढ्यात तुझी रजा संपून तिकडची नोकरीच सुटली असती." मग कप खाली ठेवून म्हणाले, "नक्को जाऊ बेटा पुण्याला."

त्या घरात मला कुणी जाऊ नको म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. इतके महिने मी त्याचीच वाट बघत होते.