पत्रेवाल्याचं आवडतं नाटक

पत्रेवाल्याचा डावा कान त्याच्या बापाने फोडला होता. एकाच थपडेत. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्याने बापाला उलट उत्तरसुद्धा दिलं नव्हतं, फक्त नको तेव्हा हसला होता. उरलेला कान त्याच्या धंद्याने अधू केला. एका लांबट शेडमध्ये तो पत्र्याच्या टाक्या, पन्हळी आणि पेट्या बनवायचा. तीस वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत पत्र्यावर हातोडी मारली की माणसाला कुजबुज ऐकू येईनाशी होते. त्यामुळे नाटकाला गेला की तो दुसऱ्या रांगेतच बसायचा. पहिल्या रांगेत नटांची थुंकी उडते, असं त्याचं म्हणणं.

नाटकाचा नाद त्याला लावला मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ धंद्याने न्हावी, आणि जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार. गालाला साबण लागलेलं गिऱ्हाईक उलट बोलू शकत नाही, या एका सोयीवर त्याने आयुष्यभर भाषणं ठोकली होती. नऊ वर्षांपूर्वी त्याने बहिणीला आणि भावोजींना जवळजवळ ओढतच एका नाटकाला नेलं. पत्रेवाला कुरकुरत आत गेला आणि बाहेर आला तो गप्प होऊन. पुढच्याच आठवड्यात स्वतः रांगेत उभा राहून त्याने तिकिटं आणली. मग वर्षाला पंधरा-वीस नाटकं व्हायला लागली.

एका बाबतीत मात्र त्याला फसवणं कुठल्याच नटाला जमलं नाही. रंगमंचावर कुणी कुणाला मारलं की तो हळूच मान हलवायचा. खरी थपड बसली की माणूस गालाला हात लावत नाही, आधी त्याचे गुडघे सुटतात. मार खाणारा ओरडतो तो पहिल्या फटक्याला नाही, तिसऱ्याला. हे त्याने मध्यंतरात चहा पिताना मेहुण्याला समजावून सांगितलं होतं, एखादा सुतार लाकडाची जात सांगतो तसं. मेहुण्याने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

कारण मेहुण्याला ठाऊक होतं. पत्रेवाला घरात मारायचा. दारू पिऊन नाही, शिव्या देऊन नाही. आधी मनगटावरचं घड्याळ सोडायचा आणि फडताळावर ठेवायचा. घड्याळ लग्नात सासऱ्यांनी दिलेलं होतं, त्याची काच फुटू नये म्हणून ते काढायचा. मग मारायचा. लेकीला जास्त, आणि बायको मध्ये पडली की तिला. लेक सोळा वर्षांची असताना तिचं गळ्यापाशीचं हाड मोडलं. दवाखान्यात जिन्यावरून पडली असं सांगितलं. त्यांच्या घराला जिना नव्हता. अठरा पूर्ण झाल्या दिवशी ती एक पिशवी घेऊन निघून गेली. ती पुन्हा आली नाही. त्यानंतर पत्रेवाल्याचा हात हळूहळू थांबला. बायकोवर शेवटचा उचलला त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. त्याला वाटायचं, मिटलं सगळं.

गावातल्या नाटकवेड्यांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष ग्रंथालयातल्या बाई, बाकी शिक्षक, शिंपी, दाताचा डॉक्टर, दोन निवृत्त टपालवाले, असे पन्नासएक जण. वर्ष संपता संपता एका रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात ते जमायचे आणि वर्षातलं सगळ्यात आवडतं नाटक निवडायचे. बाई फळ्यावर खडूने नाटकांची नावं लिहायच्या. ज्याला बोलायचं त्याने दोन मिनिटं बोलायचं. बाईंकडे स्वयंपाकघरातलं टाइमरचं घड्याळ असायचं, ते किणकिणलं की शिक्षकसुद्धा खाली बसायचे. मग चिठ्ठ्या. निवडलेल्या नाटकाच्या मंडळींना एक पत्र जायचं, बस. पण त्या पत्रासाठी वाद असे रंगायचे की दाताच्या डॉक्टरने एकदा शिंप्याशी चार महिने अबोला धरला होता.

त्या वर्षी फळ्यावर सतरा नावं होती. सगळ्यांना वाटत होतं की ‘दोन दारं, एक किल्ली’ निवडून येणार. एका घराचे दोन वारस आणि त्यांची पळापळ, पोट धरून हसायला लावणारं नाटक. मेहुण्याचं मत त्यालाच होतं. पत्रेवाल्याचं मत होतं ‘जेवायला बसा’ला.

त्या नाटकात फारसं काहीच नव्हतं. एक टेबल, चार खुर्च्या, चार ताटं. बाप जेवताना काहीतरी विचारतो, कुणीतरी चुकीचं उत्तर देतं. बाप चष्मा काढतो, पुसतो, डबीत ठेवतो. तेवढ्यात दिवे जातात. मार दिसतच नाही. परत उजेड होतो तेव्हा टेबलावरचं एक ताट कमी झालेलं असतं. शेवटी बाप एकटाच जेवत बसतो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणतो, मीठ दे. पत्रेवाल्याने ते चार वेळा पाहिलं. पहिल्यांदा बायको सोबत होती. दुसऱ्यांदा तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि तो तिला काही बोलला नाही.

नऊ वर्षांत तो सभेत कधी उभा राहिला नव्हता. त्या रविवारी राहिला. हात पँटच्या खिशात घातले, परत बाहेर काढले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा तो जरा मोठ्याने बोलायला लागला. म्हणाला की आपण अडाणी माणूस, आपल्याला अभिनयातलं कळत नाही, पण मारामारीतलं कळतं. या नाटकात मारणाऱ्याच्या हातापेक्षा त्याची तयारी दाखवलीय, आणि ती बरोबर दाखवलीय. मारणारा माणूस आंधळा झालेला नसतो, त्याला सगळं दिसत असतं. बाईंनी टाइमरकडे पाहायचं सोडलं.

“असं घर मी पाहिलेलं आहे,” तो म्हणाला आणि थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात होतं. ते काय होतं हे त्याला नंतर कितीतरी महिने आठवत राहिलं.

मेहुणा तिसऱ्या रांगेतून बसल्या जागेवरूनच म्हणाला, “पाहिलेलं? चालवलेलं म्हणा, भावोजी.”

लोक हसले. मेहुणा बोलला म्हणजे हसायचं, ही त्यांची सवय. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. मेहुणा मात्र हसत नव्हता.

पत्रेवाल्याने डाव्या मनगटावरचा पट्टा सोडला, घड्याळ काढलं आणि खुर्चीवर ठेवलं. पन्नास माणसांनी ते पाहिलं आणि कुणालाच काही वाटलं नाही. फक्त त्याची बायको ताडकन उठली. “धरा त्यांना,” ती म्हणाली. “कुणीतरी धरा.” लोक तिच्याकडे वळून बघत राहिले.

पहिला ठोसा मेहुण्याच्या तोंडावर बसला. दोन दात ओठातून आरपार आले. दुसरा कानशिलावर. मेहुणा खुर्चीसकट मागे कोसळला आणि मागच्या रांगेतल्या टपालवाल्याच्या पायांवर पडला. तो उठायला बघत होता तेवढ्यात पत्रेवाल्याने एक लोखंडी घडीची खुर्ची उचलली. तीस वर्षं पत्र्यात काढलेल्या माणसाला ती खुर्ची हातात घेताच कळलं होतं की हिच्या बैठकीची कड दुमडलेली नाही, कच्ची कापलेली आहे. हे त्याने पुढे न्यायालयात कुणी न विचारता स्वतःहून सांगितलं. त्याने ती खुर्ची तीनदा मारली. दुसऱ्या वेळी कड मेहुण्याच्या उजव्या डोळ्यात गेली. तिसऱ्या फटक्याला मेहुणा ओरडला.

मग शिंपी आणि दोन शिक्षक त्याच्या अंगावर पडले. त्याची बोटं सुटेनात म्हणून एकाने त्याच्या मनगटाला दाताने चावा घेतला. बायकोने पदराचा बोळा करून भावाच्या डोळ्यावर धरला होता आणि तो पदर भिजून कोपरापर्यंत रक्त ओघळत होतं. फरशीवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सांडला होता. लोक त्यावरून पळत होते, त्यामुळे दारापर्यंत लाल चिठ्ठ्यांची वाट झाली. कुणाचा तरी धक्का लागला आणि टाइमर किणकिणायला लागला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

पोलीस आले तेव्हा पत्रेवाला जमिनीवर बसलेला होता. त्याने मीच मारलं असं सांगितलं. का, या प्रश्नावर म्हणाला, “खरं बोलला म्हणून.”

डोळा वाचला नाही. पत्रेवाल्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. नाटकाची निवड पंधरा दिवसांनी बाईंनी टपालाने चिठ्ठ्या मागवून केली. ‘जेवायला बसा’ला तीनच मतं पडली. आधी वीस-बावीस जण त्याला देणार होते असं शिंपी सांगतो, पण आता त्या नाटकाचं नाव काढलं की लोकांना खुर्चीचा आवाज आठवायचा. त्या नाटकाच्या मंडळींना हे कधीच कळलं नाही. पुढच्या वर्षापासून सभेत भाषणं बंद झाली.

तुरुंगात तो कशासाठी आला हे लवकरच पसरलं. मेहुण्याचा डोळा फोडणारा, म्हणून त्याला काही जणांनी ‘काणा’ नाव ठेवलं, डोळे दोन्ही शाबूत असताना. चौथ्या महिन्यात न्हाणीघरात तिघांनी त्याला धरलं. साबणाच्या वाटणीवरून काहीतरी झालं होतं. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. मार खाताना त्याने हात वर केले नाहीत. त्यात काही मोठेपणा नव्हता. हात उचललेच गेले नाहीत, एवढंच त्याला सांगता येई. पहिल्या फटक्याला तो गप्प राहिला, तिसऱ्याला ओरडला.

तो सुटला तेव्हा घराला कुलूप होतं. बायको भावाकडे राहायला गेली होती आणि सकाळी त्याच्या दुकानात गल्ला सांभाळत होती. मेहुण्याने एका डोळ्याने वस्तरा चालवायला नव्याने शिकून घेतलं होतं. फुगे फुगवायचे, त्यांना साबण लावायचा आणि फुगा न फोडता साबण काढायचा. बहीण सांगते, पहिल्या महिन्यात सत्तर फुगे फुटले आणि प्रत्येक फुग्याला तो एक शिवी द्यायचा, तीही प्रत्येक वेळी वेगळी. नाटकाला तो अजून जातो. उजव्या टोकाच्या खुर्चीवर बसतो, म्हणजे सगळा रंगमंच डाव्या डोळ्यात मावतो.

पत्रेवाला त्याच्या दुकानाशी एकदा गेला, भर दुपारी. आत आला नाही, पायरीखाली उभा राहिला. मेहुणा गिऱ्हाइकाची दाढी करत होता. त्याने वस्तरा पुसला, बाजूला ठेवला आणि दारात आला. “भावोजी, मी तुम्हाला मारणार नाही आणि माफही करणार नाही,” तो म्हणाला. “ताईला भेटायचं असेल तर तिला विचारा. ती नाही म्हणाली तर इथून पुढे पलीकडच्या फुटपाथवरून जायचं.” ताई नाही म्हणाली. तेव्हापासून तो पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

शेड गेली होती. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात पत्रा कापायला लागला. तिथे एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एक बाई आली. खाकी शर्ट, रुंद खांदे, एक खांदा किंचित खाली. लेक बस चालवत होती हे त्याला बायकोकडून कधी तरी उडत उडत कळलं होतं, पण चेहरा ओळखायला त्याला एक क्षण लागला. बारा वर्षं झाली होती.

ती बसली नाही. मामाच्या डोळ्याचं तिला तेव्हाच कळलं होतं, दवाखान्यात ती येऊनही गेली होती. ‘जेवायला बसा’ तिच्या शहरातही लागलं होतं. ती मध्यंतरात उठून आली होती.

“त्या दिवशी तुम्ही सभेत काय बोलणार होता?” तिने विचारलं.

यंत्रं बंद होती, म्हणून त्याला ऐकू आलं. तो म्हणाला की असं घर मी पाहिलेलं आहे, आणि त्या घरातला बाप मी आहे, एवढंच म्हणायचं होतं.

“तेवढ्याने भागत नाही,” ती म्हणाली. “सगळं सांगा. पहिल्यापासून.”

मग त्याने सांगितलं. कशाने मारलं, कधी, कशावरून. पट्टी, पन्हळीचा तुकडा, नुसता हात. शाळेची सहल. सांडलेलं दूध. हाड मोडलं तो दिवस. मध्ये मध्ये ती त्याला दुरुस्त करत होती. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, दहा नाही. तो उलटा हात होता. आई तेव्हा घरात नव्हती. काही गोष्टी त्याला अजिबात आठवत नव्हत्या, त्या तिने सांगितल्या आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ते संपलं नव्हतं. मुकादमाने बाईकडे पाहिलं आणि यंत्र बंदच ठेवलं.

निघताना ती म्हणाली की उरलेलं पुढच्या वेळी.

आता ती वर्षातून दोनदा येते. घरी नाही, बसच्या आगारात बोलावते, उपाहारगृहातल्या दाराजवळच्या टेबलापाशी. तिने त्याला अजून बाबा म्हटलेलं नाही. मागच्या खेपेला त्याने विचारलं की एखादं नाटक बघायचं का, हसवणारं, तिकिटं तो काढेल. ती थोडा वेळ विचार करत राहिली, मग नको म्हणाली आणि तिच्या बसची वेळ झाली म्हणून उठली.