भिमाबाईची मोठी मरळ

काळेवाडीत आमच्या शेजारी भिमाबाई राहायची. जिभेला तिखट, हाताला सढळ. तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाला कालवण मिळालं नसेल.

एकोणऐंशी साली तिच्या सुनेला, कस्तुराला, दिवस गेले. आधी दोनदा पोट पडलं होतं, त्यामुळं सासूचा जीव टांगणीला. "औंदा पोर जगलंच पाहिजे," म्हणाली आणि गळ घेऊन तळ्यावर जायला लागली. मरळ मासा म्हणजे ताकदीचा, पोटुशीला चांगला, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक. बारके मासे ती आम्हाला वाटायची. सगळ्यात मोठ्या, जुन्या मरळीची मधली तुकडी सुनेच्या ताटात. स्वतः शेवटी बसायची आणि पातेल्यात जे उरेल ते भाकरीशी खायची.

तळ्याशेजारी थर्मामीटरची कंपनी. फुटक्या नळ्यांतला पारा गटारातून तळ्यात यायचा, हेही माहीत होतं. पण भिमाबाई म्हणायची, "पारा जड, चिखलात बसतोय. मासा वर खेळतोय. त्याचा ह्याला काय उपद्रव?" आम्हालाही ते पटायचं.

मग पुण्याच्या कॉलेजातले सोपानराव सर तळ्याचा गाळ तपासायला न्यायला आले. पाणी प्यायला भिमाबाईच्या ओट्यावर टेकले, तेव्हा ती मरळच साफ करत होती. ते पाहून सर म्हणाले, "बाई, हे खाऊ नका. पारा तळाशी गप्प बसत नाही. गाळात हवा पोचत नाही तिथं डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. विरजण दुधाचं दही करतं, तसं ते पाऱ्याचं जहाल विष करतात. ते किड्यांत जातं, किड्यांतून बारक्या माशांत, बारक्यांतून मरळीत. मरळ जितकी मोठी, तितकं विष जास्त. पोटातल्या पोराच्या तर मेंदूवर जातं."

"तोंड सांभाळून बोला, मास्तर," भिमाबाई म्हणाली. पण विळी बाजूला सारली. "मोठी मोठी निवडून घातली मी हिला. माझ्या हातानं."

कस्तुरा दारात उभी होती. आठवा महिना.

"आत्याबाई, म्या एक तुकडी खाल्ली न्हाई," ती हळूच म्हणाली. "वासानंच मळमळायचं. तुमी एवढ्या मायेनं वाढायच्या, नको कसं म्हणू? तुमची पाठ वळली की परत पातेल्यात सोडायची."

त्या पातेल्यातलं कोण खात होतं, ते सांगायची गरज नव्हती. सर म्हणाले, "बाई, आधी तुम्ही दवाखान्यात चला." भिमाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं सुनेला जवळ ओढलं आणि रडत रडतच हसली. "बरं केलंस गं माझे बाई. माझ्याच पोटात गेलं, लई बरं झालं."

नातू झाला, चांगला टुणटुणीत. तोवर भिमाबाईचे हात थरथरायला लागले होते. भिंतीला पाठ लावून ती मांडी घालून बसायची, कस्तुरा पोराला तिच्या मांडीवर ठेवायची आणि सासूचे दोन्ही हात आपल्या हातांनी त्याच्याभोवती धरून बसायची.