सहा पेपर आणि एक कोयता

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले कितीतरी मोठे गुन्हे आता पुसट होत चालले आहेत. पण धारूर भागातल्या ठाण्यात माझ्याकडे आलेला एक साधा अर्ज अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

अर्ज एका गावपुढाऱ्याचा होता. आईबाप कारखान्याला गेले तरी मुलींची शाळा सुटू नये म्हणून एका संस्थेने ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं. तिथल्या अधीक्षिकेच्या जागेला पदवीची अट होती. पुढाऱ्याची सून मुलाखतीत मागे पडली आणि निवड झाली एका ऊस तोडणाऱ्या बाईची. बाई मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेली. शेवटच्या वर्षाची परीक्षा तिच्या नावावर दुसरंच कुणीतरी देऊन गेलं, असा आरोप होता. चौकशी होईपर्यंत संस्थेने नेमणूक थांबवली.

पुढारी स्वतः ठाण्यात आले. "साहेब, माझ्या सुनेनं तीन वर्षं रोज कॉलेजात जाऊन डिग्री घेतली. ही बाई फडात ऊस तोडते आन् हिलाबी डिग्री? घरबसल्या वाटतेत हो ह्या डिग्र्या!"

मला ते पटलं होतं, हे कबूल करतो. बाहेरून घेतलेली पदवी म्हणजे नुसता कागद, असंच आम्ही ठाण्यात चहा पिताना बोलायचो.

परीक्षा केंद्राचे हजेरीपट मागवले. पहिल्या दोन वर्षांच्या सह्या गोल, ठसठशीत होत्या. शेवटच्या वर्षीच्या सहाही सह्या वाकड्यातिकड्या. त्या वर्षी परीक्षा लांबणीवर पडून नेमकी ऊसतोडीच्या हंगामात आली होती. म्हणून टोळीच्या मुकादमाचा जबाब घेतला. टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता' असं मोजतात. मुकादम छातीठोकपणे म्हणाला, "त्या आठवड्यात माझा एकबी कोयता कमी नव्हता. दोघंबी फडात हुते."

म्हणजे एकच बाई एकाच आठवड्यात कारखान्याच्या फडात हजर आणि तालुक्याच्या केंद्रातही हजर. प्रकरण मला सरळ वाटलं. बाईंना जबाबाला बोलावलं.

वय चाळिशीचं, अंगावर धुतलेलं साधं लुगडं, नजर सरळ. महिला शिपाई शेजारी बसली.

"पेपर तुम्हीच दिले?"

"मीच दिले साहेब."

"मग फडात कोण होतं?"

बाई गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. खोटं बोलणारा माणूस सहसा गप्प राहत नाही. तो भराभर बोलतो, न विचारलेलंही सांगतो. ही बाई कुणाला तरी झाकत होती.

मी चार कोरे कागद पुढे ठेवले. "तुमच्या अभ्यासातला कुठलाही विषय घ्या आणि लिहा."

तिने पेन उचललं आणि विचारलं, "किती मार्काचं लिहू?"

महिला शिपाई खुदकन हसली. बाई मात्र लिहायला लागली. गाव सोडून कामाला जाणाऱ्या कुटुंबांवर लिहीत होती, कुठेही न अडखळता. चौथा कागद भरल्यावर मान वर करून म्हणाली, "पुरवणी मिळंल का?"

अक्षर गोल, ठसठशीत, पहिल्या दोन वर्षांच्या सह्यांसारखंच. मी विचारलं, हे शिक्षणाचं कुठून मनात आलं? ती म्हणाली, "पोरीच्या शाळेत गेलते. मला सही येते का न्हाई, इचारायच्या आधीच सरांनी अंगठ्यासाठी शाईचा डबा म्होरं सरकवला. पोरगी बगत हुती."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावरच्या पर्यवेक्षक सरांना गाठलं. त्यांना बाई चांगल्या आठवत होत्या. "ओळखपत्र मीच तपासलं. उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. कोयता लागला म्हणाल्या. पेन कसंबसं धरून लिहायच्या, पण वेळ संपेपर्यंत उठायच्या नाहीत."

सह्यांचा उलगडा झाला. मुकादमाचा जबाब मात्र तसाच उभा होता. मी ठाण्यात परतलो तर दारातच एक तरुण बाई ठाणे अंमलदाराशी भांडत होती.

"आमच्या आक्काला कावून तरास देता? तोतया मी हाय! घ्या, मला आत टाका!"

ती त्या बाईंची धाकटी जाऊ. परीक्षेच्या आठवड्यात दोघींनी जागा बदलल्या होत्या. थोरली गावी आली, धाकटी एसटीने फडावर गेली. साडीवर पुरुषी शर्ट आणि डोक्याला फडकं, हा फडातल्या बायांचा नेहमीचाच वेश. त्यात थोरल्या दिरासमोर, म्हणजे आक्काच्या नवऱ्यासमोर, रिवाजाप्रमाणे तिने आठही दिवस तोंड झाकूनच काम केलं. "मुकादमाला कळलं असतं तर म्होरल्या साली टोळीत घेतलं नसतं, म्हणून आक्का बोलंना," ती म्हणाली.

मुकादमाला पुन्हा बोलावलं, थोरलीलाही बोलावून घेतलं. "तुम्ही त्या बाईचं तोंड पाहिलं होतं?"

"तोंड कशाला बगू साहेब? मी कोयते मोजतो." मग धाकटीकडे बघून तो हसायला लागला. "तरीच म्हणलं, ह्या आठवड्यात मोळ्या लई ढिल्या का येतेत!"

"ढिल्या?" धाकटी उसळली. मला दोघांना गप्प बसवावं लागलं. पण जाताना मुकादम थोरलीला म्हणाला, "वैनी, सांगितलं असतं तर मीच गाडीला बसवून दिलं असतं." ठाण्यात इतकं हसू मी क्वचित ऐकलं असेल.

पुढाऱ्यांना बोलावून मी बाईंनी लिहिलेले कागद वाचायला दिले. त्यांनी ते सगळे वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "अर्ज मागं घेतो साहेब. कागद घेऊन जाऊ का? सूनबाईला वाचू दे." कागद चौकशीचे होते, देता येईनात. त्यांनी तिथेच बसून पुन्हा वाचले. आठवडाभरात बाई वसतिगृहात रुजू झाल्या आणि धाकटीने मुक्त विद्यापीठाच्या पुढच्या प्रवेशाची चौकशी केली, असं कळलं.

या चौकशीने मला आरोपीपेक्षा स्वतःला जास्त तपासायला लावलं. माणूस कुठे बसून शिकला हे मी आधी विचारायचो. काय सोसून शिकला, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

अंतिम अहवाल ठाण्याचं लिखाणकाम बघणाऱ्या रायटर हवालदाराने टाइप करून आणला. बाईंच्या नावापुढे होतं : शिक्षण बी.ए. (बाहेरून). मी पेन उघडलं आणि कंसातला शब्द खोडला.

"साहेब, बाहेरूनच केलंय ना त्यांनी?" हवालदार म्हणाला.

"बी.ए. केलंय," मी म्हणालो. "तेवढंच लिही."