तेवढी दोन तरी ठेवा

माझी पिशवी काढली तेव्हा मी तिशीचीही नव्हते. गर्भाशय म्हणायची आमच्याकडं रीत नाही, पिशवीच म्हणतात. ऊसतोडीला जाणारी बाई दर महिन्याला आडवी पडली तर मुकादम ऐकून घेत नाही. म्हणून गावातल्या कितीतरी बायांनी तेच केलेलं. पुढं माझी छाती धडधडायला लागली. बसल्या जागी, हातात काही काम नसताना! सासू म्हणाली, "बाहेरचं हाय काहीतरी." अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं. फरक शून्य.

शेवटी अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात यंत्रावर हृदयाची पट्टी काढली. तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली, "पिशवीबरोबर तुमची अंडाशयंही काढलीत. बाईचे हार्मोन तिथंच तयार होतात. हृदय स्वतःच्या विजेवर चालतं, आणि त्या विजेच्या वाटेवरच्या पेशींवरही या हार्मोनला बसायला जागा असतात. हार्मोन आटले की लय बिघडू शकते. त्यानंच झालं, असं खात्रीनं नाही सांगता येणार."

मेल्यांनो, हे आधी कुणी सांगायचं होतं? मला रडू आवरेना. दुसऱ्याच दिवशी माझी धाकटी बहीण त्याच ऑपरेशनला निघाली होती.

तिच्या घरी जाऊन तिचा हात मी माझ्या छातीवर दाबून धरला. "बघ कसं पळतंय. नको गं बाई जाऊस!"

तिनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "आक्का, तुझं धडधडणं कुणाला दिसतंय का? माझं रगत फडात समद्यांला दिसतंय. मला लई लाज वाटती गं." आणि हळूच म्हणाली, "तू येतीस का संगं? मला भ्या वाटतंय."

गेले. तिचा नवरा उसाच्या फडावर, दुसरं कोण होतं तिला? ऑपरेशनच्या दवाखान्यात डॉक्टरसमोर मी हात जोडले. "पिशवी काढायचीच तर काढा, पण अंडाशयं ठेवा. तेवढी दोन तरी ठेवा, साहेब."

"डॉक्टर तुम्ही का मी?" तो हसला. "बरं, बघू."

काढलेलं नातेवाइकांना दाखवायची तिथं पद्धत आहे. नर्स ट्रे घेऊन बाहेर आली. मला बघवत नव्हतं, तरी वाकून बघितलं. मधे पिशवी होती. दोन बाजूंना बदामाएवढी, पांढरट, दोन्हीही होती.

आत बहीण अर्धवट शुद्धीत होती. "आक्का, ठेवली का गं?"

"ठेवली," मी म्हणाले.