लिफ्टवाल्या भाचीचा साक्षीदार

माझी भाची लिफ्ट दुरुस्त करते. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला याचं कोण कौतुक! घटस्फोटाच्या अर्जात त्याच कौतुकाचं गाऱ्हाणं झालं. ‘ही सदा कामावर, सात वर्षांच्या मुलीकडे बघायला हिला वेळ नाही, तेव्हा ताबा मला द्या,’ असं भाचेजावयांनी कौटुंबिक न्यायालयाला कळवलं. त्यांना मुलीच्या शाळेत जायचं तर रस्ता विचारत जावं लागलं असतं, ते सोडा.

मायलेकी माझ्याकडे राहायला आल्या. त्याच सुमारास भाचीच्या कंपनीत मुख्य मेकॅनिकची जागा रिकामी झाली. ती मिळाली भाचीच्याच हाताखाली शिकलेल्या एका गृहस्थाला, ज्याला लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना घाम फुटतो. भाचीने कामगार खात्यात भेदभावाची तक्रार ठोकली. ‘बाई किंवा आई असण्याशी निवडीचा संबंध नाही,’ असं कंपनीने लेखी उत्तर दिलं.

“एका वेळी एकच भांडण कर गं,” मी म्हटलं.

“मावशी, भांडणं मी नाही काढली. ती घरपोच आली.”

साक्षीच्या दिवशी मलाही आत बसू दिलं. भाचेजावयांनी साक्षीदार म्हणून कोणाला आणावं? भाचीच्या साहेबाला! दोघे पत्त्यांच्या अड्ड्यावरचे दोस्त. साहेब परफ्यूम शिंपडून आले होते.

“बाईला कामावर कधीही बोलवा, हजर. घर असं हिला नाहीच,” साहेबांनी शपथेवर सांगितलं. भाचेजावई मान डोलावत होते. भाचीच्या हाताला घाम आला होता. तो तिने माझ्या पदराला पुसला.

तिची वकीलबाई उलटतपासणीला उठली. “इतकी कामसू बाई, मग मुख्य मेकॅनिक का नाही केलंत?”

साहेबांना स्वतःच्या शहाणपणाचं कोणी विचारलं की राहवत नाही. “अहो, एकटी आई! खड्ड्यात उतरताना आम्ही मेन स्विचला आपापलं कुलूप लावतो, म्हणजे वर कोणी लिफ्ट चालू करत नाही. हिची ड्यूटी संपली की ही कुलूप काढून सरळ मुलीकडे. अशा बाईवर जबाबदारी कशी टाकणार?”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “साहेब, ती घरी नसते की कामावर नसते? एकच ठरवा.”

“दोन्हीकडे नसते.”

“मग अधांतरी असेल,” मी पुटपुटले. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडावर घेतला. भाचेजावई मात्र साहेबांकडे बघत होते, उसना दिलेला पत्ता परत मागावा तसे.

वकीलबाईंनी त्या जबानीची नक्कल काढून कामगार खात्यात दिली. तिथला निकाल अजून लागायचा आहे. कंपनीचा वकील तारखा मागत सुटलाय. मुलीचा निकाल मात्र काल लागला: राहायचं आईकडे, रविवारी वडिलांकडे.

भाचीने घरी येऊन बूटसुद्धा न काढता मुलीला सांगितलं, “इथंच राहायचं. कायमचं.”

पोरीने पलंगाखालून कपड्यांची पिशवी ओढली. कधीची भरून ठेवली होती, आम्हाला पत्ताच नाही. पलंगावर तिने ती उलटी केली आणि मला फर्मावलं, “आजी, कपाटातले तुझे स्वेटर काढ बघू. मला जागा लागणार आहे.”