शिळी टिकली

मी एकतीस सप्टेंबरला सही केलेली आहे. सप्टेंबर तीस तारखेला संपतो हे मला पहिलीपासून ठाऊक होतं. पण रजिस्टरच्या पानावर एकतीस ओळी छापलेल्या होत्या, माझा चहा निवत होता, आणि मी एक तारखेच्या सकाळीच साऱ्या ओळींवर सह्या ठोकून महिनाभराची देखरेख उरकून टाकली. पुढे ही सही माझ्या अब्रूवर उठली. ती शोधून काढली हौसामावशींनी.

हौसामावशी आमच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या खोलीत मदतनीस होत्या. रुग्णालय कामशेतजवळचं, लहानसं. मावशी आंदर मावळातल्या एका वाडीवरून टाकव्यापर्यंत चालत यायच्या आणि तिथून जीपने. मी लोणावळ्याहून स्कूटरवर. त्या सातला हजर असायच्या, मी साडेसातला कारण घेऊन हजर असायचो.

"आज काय आडवं आलं साहेब? धुकं का म्हस?"

आदल्या दिवशी धुकं सांगितलेलं असलं की मी म्हैस सांगायचो. एकदा भर मे महिन्यात सवयीने धुकं सांगून बसलो. मावशी उठल्या. खिडकीपाशी गेल्या, लख्ख उन्हाकडे कपाळावर हात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय की. लय दाट हाय."

आता कामाचं सांगतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या छातीवर आमच्याकडे बटणाएवढा गोल सेन्सर चिकटवतात. तो कातडी जराशी ऊबदार करतो आणि रक्तातला ऑक्सिजन नि कार्बन डायऑक्साइड किती, ते सुई न टोचता वरूनच सांगतो. त्याच्या तोंडावर एक पातळ पडदा असतो आणि पडद्याखाली औषधी पाण्याचा थेंब. ठरल्या दिवशी पडदा काढायचा, आतला भाग मऊ कागदाने पुसायचा, नवा थेंब, नवा पडदा, आणि मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. कंपनीच्या पुस्तकात याला बरीच पानं लागली आहेत. मावशींनी तीन शब्दांत भागवलं होतं. सेन्सर म्हणजे टिकली. पडदा म्हणजे पापुद्रा. आणि पापुद्रा जुना होऊन आकडे भरकटायला लागले, की टिकली शिळी. हे शब्द इतके रुळले होते की पुण्यात शिकून आलेल्या आमच्या डॉक्टर मॅडमही राउंड घेताना सहज विचारायच्या, "मावशी, तीन नंबरच्या बाळाची टिकली ताजी आहे ना?"

पुसायचं काम मावशींचं. त्या ते नीट करतात की नाही यावर देखरेख ठेवायचं काम माझं, कारण वैद्यकीय उपकरणांचा डिप्लोमा माझ्याकडे होता. पहिल्या दिवशी मी मोबाईल बघत त्यांच्यामागे उभा राहिलो.

"साहेब, तुमी कशापायी हुबं?"

"देखरेखीला."

"मंग देका की. त्या मोबाईलात माजी टिकली दिसतीया व्हय? आन आदी हात धुऊन या."

"मी कशालाच हात लावणार नाहीये, मावशी."

"बगनाऱ्याचं बी हात धुतल्यालं असावं. बगता बगता बोट कवा लागतं, कळत न्हाई."

मी मनात हसलो आणि डिप्लोमा आठवून पुढे वाकलो. "इथे एक डाग राहिलाय बघा," असं म्हणत मी तो डाग दाखवला, आणि दाखवताना बोट नुकत्याच पुसलेल्या भागाला टेकलं. मावशींनी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुसलं, थेंब घातला, चिमटीत भाताचं रोप धरावं तसा पापुद्रा धरून बसवला, उजेडाकडे तिरका करून बुडबुडा नाही ना ते पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डाग न्हवता त्यो. तुमची सावली व्हती."

या साऱ्या काटेकोरपणामागे त्यांचं एकच गणित होतं. टिकली चुकीचं बोलली, तर खरं काय ते बघायला डॉक्टरांना बाळाच्या टाचेतून रक्त घ्यावं लागतं. बाळ मूठभर, टाच चिंचोक्याएवढी. मावशी म्हणायच्या, "आळस आपला आन टाच तिची. ह्यो कुटला न्याय?" मुलगा असला तरी त्यांच्या तोंडी "टाच तिची"च असायचं. मी एकदा दुरुस्ती सुचवली. त्या म्हणाल्या, "टाच म्हंजी तीच की. तो टाच म्हनत्यात व्हय तुमच्याकडं?" डिप्लोम्यात व्याकरण नव्हतं.

तर तो सप्टेंबर. मावशी गौरीसाठी दोन दिवस रजेवर गेल्या. जाताना मला दारातून सांगून गेल्या, "तीन नंबरचा पापुद्रा उद्या बदलायचाय. ध्यान ऱ्हाईल का लिवून दिऊ?" मी म्हटलं, "मावशी, मी शिकलेला माणूस आहे." दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं. त्या तारखेपुढे 'पडदा बदलला' या रकान्यात माझी सही होती. मला बरं वाटलं. झालेलं दिसतंय काम, असं म्हणून मी रजिस्टर मिटलं. माणूस दुसऱ्याच्या सहीवर विश्वास ठेवून फसतो हे मी ऐकलं होतं. स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवून फसलेला माझ्या ओळखीत मीच.

मावशी परत आल्या त्या सकाळी तीन नंबरला पवनानगरच्या एका बाईची सातव्या महिन्यात झालेली मुलगी होती. यंत्रावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढत होता. मॅडमनी टाचेतून रक्त घ्यायचा प्रयत्न केला. पुरेसं आलं नाही. दुसऱ्या टाचेत टोचलं, तेही तेवढ्यावरच थांबलं. काचेपलीकडे आई उभी होती. दोन्ही वेळा सुई लेकीला टोचली आणि पाय आईने आपला आखडून घेतला. आकडा चढतच होता. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवावं का, असं मॅडम विचारू लागल्या. एवढ्याशा जिवाला महामार्गावरच्या त्या गर्दीतून गाडीत घालून न्यायचं, म्हणजे तो प्रवास हाच एक आजार.

तेवढ्यात मावशी आल्या; जीप उशिरा सुटल्यामुळे त्या दिवशी त्या माझ्यानंतर पोचल्या. हातात करंज्यांचा डबा. डबा बाहेर ठेवला, हात धुतले, आत येऊन आधी मुलीकडे पाहिलं, मग आकड्याकडे.

"म्याडम, पोर निवांत हाय. रंग बी बरा हाय. टिकली शिळी वाटतीया."

"मलाही बाळ बरं दिसतंय, मावशी," मॅडम म्हणाल्या. "पण पडदा परवाच बदललाय. रजिस्टरला सही आहे."

"कुनाची?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मावशींनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि ओळीवर बोट ठेवून खाली सरकवत नेलं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या, आकडे सावकाश वाचायच्या. ते बोट परवावरून कालवर आलं, आजवर आलं, आजच्याही पुढे गेलं आणि अगदी तळाशी थांबलं.

"म्याडम, सप्टेंबरला एकतीस कवापासनं लागली?"

मॅडमनी तळाची सही पाहिली आणि रजिस्टर मिटलं. त्या मावशींना म्हणाल्या, "बदला पडदा. मी बाळापासून हलत नाही. तोवर सुई नाही."

मावशींनी मला बाजूला सरा म्हटलं नाही. "कागुद द्या," म्हणाल्या. मी कागद दिला. पुसलं, थेंब, पापुद्रा, उजेडाकडे तिरका. यंत्राने आपली जुळणी करून घेतली. टिकली छातीवर नव्या जागी बसली. मग आकडा स्थिर व्हायची वाट बघत आम्ही उभे राहिलो. आई काचेला कपाळ टेकून उभी होती. आमच्यात कुणाचं काय चुकलंय, हे तिला माहीत नव्हतं. आकडा उतरायला लागला. उतरला, थांबला, आणि जिथे असायला हवा तिथेच राहिला. मॅडमनी सुईचा ट्रे उचलून मागे ठेवला. गाडी बोलवायची वेळ आली नाही.

मावशी बाहेर गेल्या, हात धुतले आणि डबा उघडून पहिली करंजी त्या आईला दिली. दुसरी मला. मी घेताना म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

"मला काय सांगताय? तिच्या दोन टाचास्नी सांगा."

मी आत जाऊन सांगितलंही. मुलीने जांभई दिली.

शिक्षा मॅडमनी साधीच दिली. पुढचे सहा महिने पुसायचं मी, आणि देखरेख करून सही करायची मावशींनी. मावशी माझ्यामागे हात बांधून उभ्या राहायच्या. "सावकास. चूल सारवताय का काय?" "बुडबुडा ऱ्हायला. न्हाई दिसत? म्या हितनं बगतीया की." चौथ्या वेळी पापुद्रा जमला की त्या रजिस्टर घ्यायच्या आणि स्वतःचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, एकेक अक्षर जुळवत लिहायच्या. पुसायला लागायचा त्याहून सहीला वेळ जास्त. मी घाई केली तर म्हणायच्या, "सई म्हंजी म्या ह्ये डोळ्यांनी बगितलंय, आसं लिवून देनं. बगायला येळ लागतो, मंग लिवायला नगं?" मी आजवर शेकडो कागदांवर सह्या केल्या आहेत. सही म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

ती मुलगी पुढे घरी गेली. अधूनमधून तपासणीला आली की तिची आई तिला आधी मावशींकडे न्यायची. मावशी तिला मांडीवर घेऊन, मी बघतोय याची खात्री करून, तिच्या दोन्ही टाचा तपासायच्या.

मावशी निवृत्त झाल्या त्या नेमक्या तीस सप्टेंबरला. निरोप समारंभात मी बोललो. सगळे गेल्यावर मी आत गेलो, तर त्या शेवटची टिकली उजेडाकडे धरून बघत होत्या. पापुद्रा मी लावला होता; शिक्षेचे सहा महिने केव्हाच संपले होते, पण कामाची ती वाटणी तशीच राहिली होती. बुडबुडा नव्हता. त्यांनी रजिस्टरात शेवटचं नाव लिहिलं, पेन पुसून माझ्या खिशाला लावलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, आणखी एकच दिवस थांबा ना."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "थांबले आसते साहेब. पर एकतीस सप्टेंबरला हितं तुमी एकलेच कामाला आसता."