बिनआवाजाची बोट

माझी कढई दोर्वीकोपे बेटाच्या धक्क्यावर असते. बोफ्रोट तळते मी. पिठाचे गोड गोळे. सकाळी गरम, दुपारी गार, आणि संध्याकाळी जे उरतात ते माझ्या नवऱ्याच्या नशिबी. बेटावर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोरूनच जातो, म्हणून एसिनामची गोष्ट मीच सांगितलेली बरी. तिच्या आईला सांगायला बसवलं तर ती बारशापासून सुरू करेल.

एसिनाम ही काफुईची धाकटी. या पोरीला लहानपणापासून वस्तू उघडून बघायचा नाद. घरचा रेडिओ उघडला, चर्चचा माइक उघडला, एकदा नर्सबाईंचा वजनकाटा उघडला आणि पुढं कितीतरी दिवस बेटावरच्या सगळ्या बाळांचं वजन सारखंच भरत होतं. मग ती कुमासीला जाऊन विजेचं शिकली, इंजिनिअर झाली. राजधानीत, अक्रात चांगली नोकरी मिळत होती. ती सोडून खाडीपलीकडच्या आत्सीव्हे गावात, जिल्हा असेंब्लीच्या कार्यालयात लागली.

काफुई धावत माझ्याकडं आली. मला सगळं बेट दावी म्हणतं, म्हणजे ताई. "दावी, माझी मुलगी सरकार झाली!"

"मग आता रस्ता होणार का आपल्याकडं?"

"बेटावर कसला रस्ता गं?"

"मग सरकार होऊन फायदा काय!" मी म्हटलं, आणि तिला एक बोफ्रोट जास्त दिला.

खरी अडचण रस्त्याची नव्हती, बोटीची होती. आमच्याकडं एकच मोठी बोट, दोत्सेची. तिच्या अंगावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'जळू नका'. इंजिनाचा आवाज असा की बोट आत्सीव्हेहून निघाली की इकडं आम्ही पदर खोचून तयार. पण पेट्रोल परवडायला हवं ना, म्हणून दोत्से फक्त बाजारच्या दिवशी बोट काढायचा. मधल्या दिवशी कुणाचं पोट दुखलं, कुणाची परीक्षा असली, तर काठीनं ढकलायची होडी आणि देवाचं नाव. शिवाय पेट्रोलचा वास काफुईच्या धुरावलेल्या माशांना लागायचा. गिऱ्हाइकं मासा नाकाशी धरून म्हणायची, "हा मासा पोहत आला की गाडीनं?" धक्क्याजवळच्या पाण्यावर तेलाचा तवंग कायमचा. तिथले खेकडे केव्हाच दुसरीकडं राहायला गेले होते.

एसिनामनं असेंब्लीत सांगितलं, आपण उन्हावर चालणारी बोट करू. छपरावर पट्ट्या, खाली बॅटरी, मागं विजेची मोटर. तिथल्या एका वयस्कर सभासदानं विचारलं, "आभाळ आलं तर?"

"बॅटरीत साठवलेलं असतं, साहेब."

"आणि बॅटरीही संपली तर?"

"तर काठी आहेच. ती आजही आहे."

सभा हसली आणि एक वर्षाची परवानगी मिळाली. लाकडी बोट आत्सीव्हेच्या सुतारानं बांधली. बाकीचं सगळं एसिनामनं स्वतः उन्हात उभं राहून जोडलं. नाव ठेवलं 'ब्लेवू', म्हणजे हळूहळू, सबुरीनं. दोत्सेनं नाव वाचलं आणि म्हणाला, "चला, निदान खोटं तरी बोलत नाही पोरगी."

पहिल्या दिवशी काय झालं सांगते. मी कढईकडं पाठ करून पीठ मळत होते. मागं वळून बघते तर धक्क्याला बोट लागलेली. निळी, छपरावर काळ्या चकचकीत पट्ट्या, आणि आत एसिनाम एकटीच हसत उभी.

"अगं, तू कधी आलीस?"

"मघाशीच. लोक कुठायत, दावी?"

लोक घरात होते. त्यांना बोट आली हे कळलंच नव्हतं. जन्मभर कानांनी बोट पकडायची सवय, आणि ही तर मांजरीच्या पावलांनी आलेली. एसिनाम वाट बघून रिकामीच परत गेली. ती गेल्यावर बायका बोचकी घेऊन पळत आल्या आणि माझ्यावरच ओरडल्या. तेव्हापासून बोटीला 'भुताची बोट' हे नाव पडलं.

त्यात ग्बेदेमांचं झालं. ग्बेदेमा म्हणजे आमच्या तोग्बेंचे त्सियामी. तोग्बे गावचे प्रमुख. ते दरबारात थेट कुणाशी बोलत नाहीत, त्यांचं बोलणं त्सियामी आपल्या शब्दांत लोकांना सांगतात. असा भारदस्त माणूस एका सकाळी होडीत उभा राहून जाळं फेकत होता. मागून 'ब्लेवू' आली. एसिनामनं लांबूनच बोट वळवली होती, धक्का काही लागला नाही. पण ग्बेदेमांनी मान वळवली, आणि शेजारी अचानक घराएवढी निळी बोट! ते दचकले, होडी कलली, आणि त्सियामी जाळ्यासकट पाण्यात. पाणी कमरेएवढंच होतं. म्हणून तर ते तसे उभेच राहिले, डोक्यावर शेवाळ, आणि ओरडले, "कोणाची लेक आहेस तू?"

"काफुईची, आजोबा!"

"वाटलंच! वजनकाट्याची!"

दरबार भरला. एसिनामनं रिवाजाप्रमाणे दारूची बाटली पुढं ठेवून माफी मागितली. तोग्बेंनी हळूच काहीतरी विचारलं. ग्बेदेमांनी, जरा जास्तच मोठ्यांदा, ते सगळ्यांना सांगितलं, "तोग्बे विचारतात, ही बोट करताना तू गावात कुणाला विचारलंस?"

एसिनाम एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, "नाही विचारलं. मला वाटलं, मी इथलीच आहे, मला सगळं ठाऊक आहे."

मी मागं उभी होते. सरकारी माणसाच्या तोंडून असं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं. तोग्बेंच्या चेहऱ्यावरही तेच नवल दिसलं. त्यांनी बाटली ठेवून घेतली आणि सांगितलं, गावचा वर्षाचा सण होईपर्यंत बोट चालू दे. पण आवाजाचं काहीतरी कर.

एसिनामनं आधी आपल्या डोक्यानं केलं. मोबाइलमध्ये बोट कुठं आहे ते दिसेल असं ॲप बनवलं. आईला दाखवलं. काफुईनं मोबाइल जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "बोट याच्यात कशाला गं? धक्क्यावर हवी मला." मग बोटीला भोंगा लावला. तो ऐकून बेटावरची सगळी कुत्री एका सुरात रडायला लागली. दुसऱ्याच दिवशी भोंगा उतरला.

मग ती रोज संध्याकाळी माझ्या कढईजवळ बाकावर बसायला लागली. येईल त्याला विचारायची, कधी जायचं असतं, कशाला, कुठं बसायला आवडतं, बोटीत काय आवडत नाही. काही लोक बोफ्रोटसाठी यायचे आणि तासभर बोलत बसायचे. माझा धंदा वाढला. दोत्सेही एकदा आला.

"मला नाही विचारलंस?"

"विचारते की. एफो, माझ्या बोटीत काय कमी आहे?" एफो म्हणजे दादा.

"दम!" दोत्से म्हणाला. "सणाच्या दिवशी शर्यत लावू. हरलीस तर ती बोट शेळ्यांना घर म्हणून दे."

"आणि तुम्ही हरलात तर?"

दोत्सेला इतकं हसू आलं की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

मला वाटलं ती नाही म्हणेल. ती हो म्हणाली. वर आब्लाआजीच्या भजनी बायकांना म्हणाली, "तुम्ही बसता माझ्या बोटीत? ढोल घेऊन?" आब्लाआजीचं मंडळ म्हणजे ढोलाच्या तालावर बोर्बोर्बोची गाणी गाणाऱ्या, नाचणाऱ्या, पांढऱ्या रुमालांच्या बायका. मयत असो की लग्न, त्यांच्याशिवाय आमच्याकडं पान हलत नाही. आजी म्हणाली, "हरणाऱ्या बोटीत का बसू आम्ही?"

"त्या बोटीत गाता येतं, म्हणून."

सणाच्या दिवशी सगळा किनारा माणसांनी भरला. झेंडा पडला. दोत्सेचं इंजिन गरजलं, बगळे उडाले, आणि 'जळू नका' जी सुटली ती दिसेनाशीच झाली. मागून 'ब्लेवू' आपली निघाली, नावाप्रमाणे. ती अर्ध्यावरही पोचली नव्हती तेव्हा दोत्से पलीकडं खुणेसाठी रोवलेला बांबू शिवून परत येत होता. त्यानं मुद्दाम तिच्याभोवती एक चक्कर मारली, आणि माझ्याकडून सकाळी नेलेल्या पुडीतला एक बोफ्रोट एसिनामच्या हातात दिला.

"खा गं. लांब जायचंय तुला."

एसिनामनं तो तिथंच खाल्ला आणि ओरडली, "एफो, अजून एक आहे का?" किनाऱ्यावर हशा पिकला.

दोत्से जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. इंजिन बंद झालं. आणि मग पाण्यावरून गाणं ऐकू यायला लागलं. आधी लोखंडी घंटेचा ठोका, मग ढोल, मग बायकांचे आवाज. मोटरचा आवाज नाही, घरघर नाही, नुसतं गाणं हळूहळू जवळ येतंय. घराघरांतून म्हाताऱ्या माणसांना उठवून आणलं. दोत्सेला खांद्यावर घेतलेले लोक नाचायला लागले, त्यामुळे त्याला खाली उतरावं लागलं. 'ब्लेवू' लागली तेव्हा बायका नाचतच धक्क्यावर आल्या आणि त्यांच्यामागं अख्खं गाव. त्या दिवशी माझी कढई जळली. मी नाचत होते.

आब्लाआजी घाम पुसत म्हणाली, "दोत्सेच्या बोटीत मला गेली तीस वर्षं कुणाचं एक वाक्य ऐकू आलं नाही. आज येताना मी कोम्लाच्या बायकोचं सगळं प्रकरण ऐकलं."

"कसलं प्रकरण?" आम्ही सगळ्यांनी विचारलं.

"बोटीत बसा, सांगते."

झालं. शेळ्यांच्या घराची आठवण कुणी काढलीच नाही. पुढच्या बाजाराला 'ब्लेवू'त जागा मिळेना. आवाजाचाही प्रश्न सुटला. ग्बेदेमांनी स्वतःच्या घरातली जुनी दुहेरी घंटा आणली आणि म्हणाले, ही वाजवल्याशिवाय बोट धक्क्याजवळ यायची नाही, हा तोग्बेंचा हुकूम. तोग्बेंना हे नंतर कळलं असं म्हणतात. आमच्या धक्क्याचा ठोका वेगळा, पलीकडच्या शाळेच्या धक्क्याचा वेगळा. इकडं घंटा ऐकू आली की बोचकी डोक्यावर.

दोत्सेचं मात्र तोंड सुकलं. बोट धक्क्याला बांधलेली, आणि तो तिच्यात बसून इंजिन पुसायचा. एसिनामनं हे पाहिलं. दुसरी बोट मंजूर झाली तेव्हा ती सरळ त्याच्या घरी गेली. मी सोबत होते. त्याच्या बायकोनं, यावानं, आक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, आणि भेंडीचा रस्सा पुढं ठेवला.

"एफो, दुसऱ्या बोटीचे कप्तान तुम्ही व्हा."

"मी?" दोत्से म्हणाला. "मी इंजिनचा माणूस. आवाज नसला तर मला बोट चालू आहे का बंद, हेच कळायचं नाही."

"मी शिकवीन."

"लोक हसतील."

"लोक माझ्यावर हसले. मजा आली त्यांना. मी काही बुडाले नाही."

यावा मधेच बोलली, "अहो, जा. घरी आवाज करायला मी आहे की."

दोत्सेला हसू आलं, ते लपवायला त्यानं मोठा घास घेतला. मग म्हणाला, "एक अट. बोटीचं नाव मी ठरवणार." एसिनामनं कबूल केलं. महिन्याभरात नवी बोट पाण्यात उतरली. हिरवी, शांत, आणि अंगावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'अजूनही जळू नका'.

आता रोज बोट असते. नर्सबाई लसीचा डबा घेऊन आठवड्यातून दोनदा येतात. आत्सीव्हेच्या मोठ्या शाळेतल्या मुली तिकडंच खोली घेऊन राहायच्या, त्या आता घरून जातात, आणि घरकामातून सुटका नाही म्हणून कुरकुरतात. काफुईच्या माशांना फक्त धुराचा वास येतो. धक्क्याखाली खेकडेही परत आलेत. परवा एक माझ्या पिठाच्या परातीत चढला.

एसिनामला पुढं 'हो' नावाच्या शहरात, प्रांताच्या कार्यालयात मोठी जागा मिळाली. साऱ्या खाडीकाठच्या गावांच्या बोटी तिच्याकडं. हाताखाली माणसं आहेत, कामाला गाडी आहे. गेल्या महिन्यात ती आम्हाला, म्हणजे मला, आब्लाआजीला आणि दोत्सेला घेऊन खाडीच्या दुसऱ्या टोकाच्या एका गावात गेली. झाडाखाली सगळे जमले. तिथल्या एका म्हाताऱ्यानं इकडं-तिकडं बघून विचारलं, "बोट कुठाय? सरकारनं बोट आणली असं ऐकलं."

"बोट नंतर, आजोबा," एसिनाम चटईवर बसत म्हणाली. "आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय."

"आम्हाला?" म्हातारा विचारात पडला. "आम्हाला पूल हवाय."

दोत्से इतका हसला की खोकला लागला. एसिनामही हसली, पण जागची हलली नाही.

"बरं. पूल कुठून कुठपर्यंत हवा? आणि त्याच्यावरून कोण-कोण जाणार?"

मग गाव जे बोलायला लागलं ते थांबेचना. एक म्हणाला बाजार, एक म्हणाली माहेर, एका पोरीनं फुटबॉलचं मैदान सांगितलं. दुपारी त्यांनी आम्हाला तळलेले मासे आणि आबोलो, म्हणजे मक्याचा वाफवलेला पाव, वाढला. आब्लाआजीनं तिथल्या बायकांना आपलं एक गाणं शिकवलं आणि त्यांचं एक उचललं. आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि एसिनाम अजून त्या म्हाताऱ्याशी वाद घालत होती, पूल कुठं बांधायचा म्हणून.